तिसऱ्या दिवशी कुदळ

मुलांनो, तुमच्या गावाजवळ एखादी अशी जागा आहे का, जी बघायला लांबलांबून माणसं येतात आणि तुम्ही मात्र ती कधी नीट पाहिलेलीच नाही? असेल तर लाजू नका. मी गणिताची शिक्षिका. 'आधी नीट बघा, मग लिहा' असं आयुष्यभर मुलांना सांगत आले, आणि माझीच तऱ्हा तशी होती.

बुलढाणा जिल्ह्यात लोणारपासून दहा-बारा किलोमीटरवर आमचं गाव. लोणारचं सरोवर तुम्हाला भूगोलाच्या पुस्तकातून ठाऊक असेलच. आकाशातून आलेला एक पाषाण काळ्या बेसाल्ट खडकावर आदळला आणि साधारण १.८ किलोमीटर रुंदीचा वाटोळा खड्डा पडला. त्यात खारं पाणी साठलं. तीस वर्षांत मी कितीतरी वेळा शाळेची सहल तिथं नेली. पण नेली म्हणजे काय? मुलांना वरच्या कडेवर उभं करायचं, डोकी मोजायची, चिवडा वाटायचा, पुन्हा डोकी मोजायची आणि एस.टी.त बसवायचं. तेवढंच.

२०१२ साली मी निवृत्त झाले. आमचे हे त्याआधीच झाले होते. पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते. कालवे, पाट, पाइपलाइन यांत त्यांचा जन्म गेला. दोघांचेही हातपाय धड होते, लेक आपल्या नोकरीत स्थिर होता. मग आम्ही ठरवलं, की दोन वर्षं आफ्रिकेतल्या टांझानिया देशात स्वयंसेवक म्हणून जायचं. स्वयंसेवक म्हणजे पगार नाही. राहायला खोली आणि जेवणखर्चापुरते पैसे मिळायचे. मी शाळेत गणित शिकवायचं, ह्यांनी खेड्यांतल्या पाण्याच्या नळयोजनांवर काम करायचं.

ज्या संस्थेमार्फत जायचं होतं तिथं आमची मुलाखत झाली. मला वाटलं, गणितातलं काही विचारतील. पण समोरच्या बाई म्हणाल्या, "तुमच्या भागाबद्दल सांगा. तिथली मुलं पहिल्या दिवशी हेच विचारतील." मी लोणारबद्दल पुस्तकातली चार वाक्यं घडाघडा म्हटली. त्यांनी विचारलं, "पाण्याची चव कशी असते हो?"

मला सांगता येईना. तीस वर्षं शेजारी राहून मी त्या पाण्याला बोटसुद्धा लावलं नव्हतं!

घरी परतल्यावर दुसऱ्याच रविवारी आम्ही दोघं पहाटे निघालो आणि थेट खाली उतरलो. वरून जे हिरवं ताट दिसतं, त्याच्या काठाशी काय काय असतं म्हणून सांगू! बाभळीचं रान, त्यात ओरडणारे मोर, झाडांच्या मुळ्यांनी वेढलेली पडकी देवळं. काठाशी मऊ काळसर गाळ आणि एक उग्र वास. मी बोट बुडवून जिभेला लावलं. मुलांनो, साबणाच्या पाण्यात मीठ कालवलं तर जसं लागेल, तसं ते लागतं. आणि वर कडेजवळ गोमुखाची धार आहे ना, तिचं पाणी गोडं! एकाच खड्ड्यात दोन पाणी. हे कितीतरी वेळ धारेखाली ओंजळ धरून उभे होते. मग म्हणाले, "इथलं बघायला आपल्याला तीस वर्षं लागली. तिथं तर दोनच वर्षं आहेत. कामाला लागायच्या आधी तो मुलूख बघून घेऊ. एकदा काम सुरू झालं की माझी फक्त पाइपलाइन आणि तुझा फक्त फळा."

असं आमच्या प्रवासाचं ठरलं. जुलैत कामावर हजर व्हायचं होतं, आम्ही जूनच्या सुरुवातीलाच निघणार होतो. खर्च अर्थात आमच्या साठवलेल्या पैशांतून. सासूबाईंचं वय तेव्हा चौऱ्याऐंशी. त्या धाकट्या दिरांकडे राहायला गेल्या. मला वाटलं, रडतील. त्या एवढंच म्हणाल्या, "जा, पण चष्मा जास्तीचा घे. तिथं फुटला तर कोण देईल?"

रडवलं ते दुसऱ्याच कुणी तरी. एप्रिलमध्ये मी शाळेत निरोप घ्यायला गेले होते. आठवीतून नववीत गेलेली एक मुलगी व्हरांड्यात माझ्यामागून आली. चुणचुणीत, गणिताची आवड असलेली. म्हणाली, "बाई, तुम्ही गेल्यापासून गणिताची जागा रिकामीच आहे. आमचा तास कधी पी.टी.चे सर घेतात, कधी कुणीच घेत नाही. शिकवायचंच आहे तर मग तिकडे कशाला जाता?"

तिच्या आवाजात राग नव्हता. खरंच विचारत होती ती. मी नियम सांगितले, की निवृत्त शिक्षकाला त्या जागेवर ठेवता येत नाही वगैरे. ते खरंही होतं. पण विनामोबदला शिकवायला मला कुणी अडवलं नसतं, हे तिलाही कळत होतं आणि मलाही. शेवटी मी म्हटलं, "मला आत्ता उत्तर येत नाही गं. प्रवासात विचार करते आणि तुला लिहून कळवते." तिनं मान डोलावली. उत्तर न आलेल्या मुलांना मी अशीच मुदत द्यायची, तशी तिनं मला दिली!

२०१३च्या जूनमध्ये आम्ही मुंबईहून विमानानं दार एस सलामला पोचलो. हे हिंदी महासागराच्या काठचं मोठं बंदर. घड्याळं अडीच तास मागं केली आणि दोनच दिवसांत बोटीनं झांझिबार बेटावर गेलो. बोटीला दोन तास लागतात. तिथल्या जुन्या शहरातल्या गल्ल्या इतक्या अरुंद, की समोरून हातगाडी आली तर आपण भिंतीला चिकटायचं. घरांना नक्षीकाम केलेले प्रचंड लाकडी दरवाजे. काही तर आपल्याकडच्या वाड्यांची आठवण करून देणारे, कारण गुजरात-कच्छकडचे व्यापारी आणि कारागीर इथं पिढ्यान् पिढ्या येत आले. आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलेला जगप्रसिद्ध गायक फ्रेडी मर्क्युरी, त्याचा जन्म १९४६ साली इथलाच, हे मला तिथं जाऊन कळलं.

पण मला तिथं सर्वात जास्त काय आवडलं असेल, तर वारा. संध्याकाळी आम्ही समुद्रकाठी बसलो, तर दक्षिणेकडून सारखा वारा. शिडाच्या होड्या त्याच्यावर सरसर जात होत्या. आमच्या खानावळीतला मुलगा म्हणाला, "हा कुसी." कुसी म्हणजे दक्षिणेचा मोसमी वारा. थंडीच्या महिन्यांत तो उलटा, उत्तरेकडून वाहतो, तेव्हा त्याला कास्काझी म्हणतात. पूर्वी आपल्याकडची गलबतं कास्काझीवर स्वार होऊन तिकडे जायची आणि कुसीवर परत यायची. ना इंजिन, ना डिझेल! ह्यांनी वाळूत काडीनं नकाशा काढला. आफ्रिकेच्या किनाऱ्यानं वर सरकणारा हा वारा विषुववृत्त ओलांडतो, उजवीकडे वळतो, समुद्रावरून भरपूर बाष्प उचलतो आणि आपल्या सह्याद्रीवर येऊन आदळतो. म्हणजे आमच्या तोंडावर येणारा तो वारा म्हणजे आपला मृगाचा पाऊसच की, वाटेवर निघालेला! गावाकडे पेरण्या खोळंबल्या असतील का, असा विचार माझ्या मनात आला आणि ह्यांच्याही. दोघंही बोललो नाही.

भाषेची तर मोठी गंमत. तिथं स्वाहिली बोलतात. आम्ही घरून पाठ करून गेलो होतो, पण निम्मे शब्द आधीच ओळखीचे निघाले. चहाला चाय, पोळीला चपाती, दुकानाला दुका, साबणाला साबुनी, रंगाला रांगी, गाडीला गारी, पैशाला पेसा. लाखाला चक्क लाकी! एका रुपयाला तेव्हा पंचवीस-तीस शिलिंग मिळत, त्यामुळे लाकीचा हिशेब आम्हाला रोजच करावा लागे. काही शब्द आपल्याकडून गेले, तर काही अरबी-फारसीतून त्यांच्याकडेही आले आणि आपल्याकडेही. आणि लहानांनी मोठ्यांना भेटल्यावर म्हणायचं, 'शिकामू'. त्याचा मूळ अर्थ, मी तुमचे पाय धरतो. मोठ्यांनी उत्तर द्यायचं, 'माराहाबा'. आहे की नाही आपल्या घरातलंच?

झांझिबारमधली एक जागा मात्र सांगावी की नाही, याचा मी बराच विचार केला. पण तुम्ही काही अगदी लहान नाही. तिथं एक मोठं चर्च आहे. ते जिथं उभं आहे, तिथं पूर्वी माणसांचा बाजार भरायचा. आफ्रिकेच्या आतल्या भागातून माणसं पकडून, साखळ्यांनी बांधून आणायची आणि इथं विकायची. १८७३ साली तो बाजार बंद झाला आणि त्या जागी चर्चचं बांधकाम सुरू झालं. बाहेर एका खड्ड्यात पाच माणसांचे पुतळे आहेत, गळ्यांत साखळ्या असलेले. शेजारी तळघर दाखवतात. छत इतकं खाली, की मला ताठ उभं राहता येईना, आणि मी काही उंच नाही. भिंतीत बोटभर फटी, तेवढाच उजेड. आम्ही दोन मिनिटांत वर आलो. मला धाप लागली होती.

बाहेर झाडाखाली बसल्यावर हे एकदम म्हणाले, "मलिक अंबर."

मलिक अंबर तुम्हाला इतिहासात भेटला असेल. तो मूळचा आफ्रिकेतला. झांझिबारचा नव्हे, इथिओपियाचा. तोही लहानपणी विकला गेला, हातोहात विकत विकत दख्खनेत पोचला आणि पुढे निजामशाहीचा वजीर झाला. १६१०च्या सुमारास त्यानं खडकी गाव वसवलं. तेच आजचं छत्रपती संभाजीनगर. तिथं त्यानं जमिनीखालून नहर आणली. ना पंप ना वीज, नुसत्या उताराच्या आणि दाबाच्या हिशेबावर पाणी शहरभर खेळवलं. ह्यांनी नोकरीत असताना ती नहर बघितली होती आणि तिच्यापुढे ते आपल्या साऱ्या कामाला कमीच लेखत आले.

"तुझ्या त्या मुलीला लिही," हे म्हणाले, "की इकडच्या एका माणसानं चारशे वर्षांपूर्वी आपल्याला पाणी दिलं. त्याला तर विकून आणलं होतं. मी तिकीट काढून आलोय. दोन वर्षं त्याच्या मुलखात चार नळ दुरुस्त केले तर काय झालं?"

मला ते आवडलं. पण मी ते पत्रात लिहिलं नाही. कारण हे उत्तर ह्यांचं होतं आणि पाण्याचं होतं. मुलीचा प्रश्न गणिताच्या तासाचा होता.

झांझिबारहून परत दार एस सलाम, आणि तिथून मोशी गावाची बस. इथं आमची चांगलीच फजिती झाली. तिकिटावर वेळ लिहिली होती, सा १२. आम्ही शहाण्यासारखे अकरालाच सामान घेऊन हजर! तर बस गेलेली. केव्हा? सकाळी सहाला! मी हुज्जत घालायला पुढे झाले, तर तिकीटवाला पोट धरून हसू लागला. मग त्यानं आम्हाला चहा पाजला आणि घड्याळ शिकवलं. स्वाहिलीत तास सूर्य उगवल्यापासून मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक, सा मोजा. आठ म्हणजे दोन. अशा हिशेबानं आपले सहा म्हणजे त्यांचे बारा! घड्याळ तेच, फक्त काट्याच्या समोरचा आकडा वाचायचा. सात वाजता काटा सातवर असतो ना, त्याच्या बरोब्बर समोर एक. हे म्हणाले, "यात हसण्यासारखं काय आहे? आपल्याकडेही घटका सूर्योदयापासूनच मोजत." एवढं बोलून स्वतःच हसले. दुसऱ्या दिवशीच्या बसमध्ये त्या माणसानं आम्हाला जागा दिली आणि खिडकीतून ओरडून विचारलं, "सा न्गापी?" म्हणजे किती वाजले? मी ओरडले, "सा कुमी ना म्बिली!" बारा! सगळी बस हसली.

त्या रस्त्यावर घायपाताची शेतंच्या शेतं लागतात. आपल्याकडे बांधावर, रेल्वेच्या कडेला उगवणारं घायपात, तिथं दोरखंडासाठी ओळीनं लावलेलं. आणि अधूनमधून गोरखचिंच! बुंधा एवढा, की आमच्या वर्गातली दहा मुलं हात धरून उभी राहिली तरी वेढा पडायचा नाही. हा वृक्ष मूळचा आफ्रिकेचा. आपल्याकडे वसईच्या किल्ल्यात वगैरे दिसतो, तो जुन्या दर्यावर्दी लोकांबरोबर आला असावा असं मानतात.

मोशीला किलिमांजारो पर्वत दिसतो. म्हणजे दिसला तर दिसतो. दोन दिवस नुसते ढग. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी दोरीवरचे कपडे काढत होते, सहज मान वर केली आणि हातातला टॉवेल खाली पडला. ढगांच्या वर, मी जिथं आकाश समजत होते तिथं, पांढरा माथा होता! उंची ५८९५ मीटर, आपल्या कळसूबाईच्या साडेतीनपट. विषुववृत्त तिथून फक्त तीन अंशांवर, आणि तरी माथ्यावर बर्फ. पण ते बर्फ झपाट्यानं कमी होतंय. १९१२ साली जेवढं होतं, त्यातलं ऐंशी टक्क्यांहून जास्त आता उरलेलं नाही. दहा मिनिटांत ढगांनी पुन्हा पडदा ओढला.

आता न्गोरोंगोरो. त्यासाठीच तर मी हट्ट धरला होता. हा पण एक वाटोळा खड्डा, पण केवढा? एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत १६ ते १९ किलोमीटर. म्हणजे आपली दहा लोणारं एका ओळीत मांडा! खोली सुमारे ६०० मीटर. आम्ही आणखी चौघांबरोबर गाडी वाटून घेतली, कारण तिथला खर्च आमच्यासारख्यांना झेपणारा नव्हे. पहाटे कडेवर पोचलो, तर धुकं आणि हुडहुडी. जून महिना म्हणजे तिकडे हिवाळा, कारण आपण विषुववृत्ताच्या दक्षिणेला असतो. मग धुकं फाटत गेलं आणि खाली पिवळं गवत, मुंग्यांसारखे दिसणारे रानरेडे, झेब्रे, आणि मधोमध चकाकणारं तळं.

लोणारचा खड्डा वरून काही तरी पडल्यानं झाला. हा खालून पोकळी झाल्यानं. वीस-तीस लाख वर्षांपूर्वी इथं प्रचंड ज्वालामुखी होता. पोटातला रस बाहेर पडून गेला आणि वरचं छप्पर आत बसलं. तव्यावर टम्म फुगलेली भाकर वाफ गेल्यावर मधोमध कशी बसते? तसंच.

त्या तळ्याचं नाव मागाडी. मागाडी म्हणजे सोडा, खार. गाडीवान म्हणाला, त्यांच्याकडे घेवडा किंवा पालेभाजी लवकर शिजावी म्हणून त्यात चिमूटभर मागाडी टाकतात. मी टाळीच वाजवली. अहो, आपला पापडखार! लोणारच्या पाण्यातूनही पूर्वी लोक असाच खार काढत. काठाशी लांबटांगे गुलाबी रोहित पक्षी चालत होते. गाडीतून उतरायला बंदी होती, नाहीतर मी तिथंही बोट बुडवून चव घेतली असती.

परतीच्या वाटेवर लाल चादरी पांघरलेली मसाई मुलं गुरं राखताना दिसली. गाडीवानानं सांगितलं, की १९५९ साली शेजारच्या सेरेंगेटीतून मसाईंना उठवून इकडे राहायला जागा दिली, पुढे खड्ड्याच्या तळाशी राहायलाही मनाई झाली. हे पुढचा सगळा रस्ता गप्प होते. धरणाखाली जाणारी गावं ह्यांनी नोकरीत उठताना पाहिली होती. एका म्हातारबुवांनी चुलीचे दगड गाडीत घातले होते ते ह्यांना अजून आठवतं. २०२२पासून न्गोरोंगोरोतल्या मसाई कुटुंबांनाही दूर म्सोमेरा गावाकडे हलवणं सुरू झालं. त्यावरून तिथं मोठा वाद आहे. बातमी वाचली तेव्हा मला ती गुरं राखणारी मुलं आठवली. आता ती बावीस-पंचवीस वर्षांची असतील.

मग शेवटचा टप्पा, आगगाडीचा. दार एस सलामहून झांबिया देशापर्यंत १८६० किलोमीटरचा हा लोहमार्ग १९७० ते १९७५ या काळात चीनच्या मदतीनं बांधला गेला. परदेशात येऊन हे काम करताना साठाहून अधिक चिनी माणसं दगावली, त्यांची दफनभूमी दार एस सलामजवळ आहे. आम्हाला मध्येच म्बेयाला उतरायचं होतं, तरी जवळजवळ एक दिवस-रात्र लागणार होती. दुपारी उशिरा गाडी अभयारण्यातून जाते. खिडकीतून जिराफ दिसले. रुळाच्या बाजूला, आपल्याकडे बैल दिसावेत तितक्या सहज! रात्री गाडी घाट चढू लागली. बोगदे, पूल, पुन्हा बोगदे.

त्या गाडीत बायकांचे आणि पुरुषांचे डबे वेगळे. हे शेजारच्या खोलीत. माझ्या समोर एक आजीबाई आणि तिची चौदा-पंधरा वर्षांची नात. आजी माझ्याहून मोठी, म्हणून मी लगेच 'शिकामू' म्हटलं. तिला इतका आनंद झाला, की तिनं टोपलीतली केळीच माझ्या मांडीवर ठेवली. मी शेंगदाण्याची चटणी काढली. शेंगदाणे तिच्या ओळखीचे, लसूणही ओळखीचा, तिखट मात्र नव्हे! पाणी पिऊन पिऊन ती हसत राहिली.

नात तोडकंमोडकं इंग्रजी बोलायची. मी गणित शिकवायला चालले आहे असं सांगितल्यावर तिचा चेहरा पडला. मुलांनो, टांझानियात सात वर्षांचं प्राथमिक शिक्षण स्वाहिलीतून होतं आणि माध्यमिक शाळेत गेल्याबरोबर सगळे विषय इंग्रजीतून. एकदम! ती सांगत होती, "खालच्या शाळेत हिसाबाती माझा आवडता विषय होता." हिसाबाती म्हणजे गणित. हिशेब! "आता मला उत्तर येतं, पण प्रश्न कळत नाही."

मला १९७१ साल आठवलं. कॉलेजचं पहिलं वर्ष. सर फळ्याजवळ उभे राहून 'न्युमरेटर, डिनॉमिनेटर' म्हणत होते आणि मी मराठी शाळेतली पहिल्या नंबरची मुलगी घाबरून बसले होते. तीन आठवडे! मग एका मैत्रिणीनं सांगितलं, "अगं, अंश आणि छेद!" मी त्या दिवशी वसतिगृहात जाऊन रडले होते. तीन आठवडे मी स्वतःला मठ्ठ समजत होते, त्याचं रडू.

मी वही काढली. डब्यातला दिवा मिणमिणत होता. तिला आधी चित्र काढून दाखवलं, केळ्याचे तुकडे केले, मग चित्राखाली इंग्रजी शब्द लिहिला, तिच्याकडून स्वाहिली शब्द लिहून घेतला. बोगद्यात गाडी शिरली की आम्ही थांबायचो. मध्यरात्रीपर्यंत तिनं सहा उदाहरणं सोडवली. मी फक्त एकात मदत केली.

आजी हे सगळं बघत पडली होती. म्बेया जवळ आल्यावर तिनं विचारलं, "किती दिवस झाले आमच्या देशात?" मी म्हटलं, तीन आठवडे, पाहुणी म्हणून हिंडले. ती खो खो हसली आणि एक म्हण म्हणाली. "म्गेनी सिकू म्बिली, सिकू या तातू म्पे जेम्बे." नातीनं अर्थ सांगितला. पाहुणा दोन दिवस. तिसऱ्या दिवशी त्याच्या हातात कुदळ द्या.

म्बेया साधारण १७०० मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या माथ्याहूनही उंच. स्वेटरवर शाल घेऊनही मी काकडत होते. तिथून दोन तासांवर आमचं खेडं. मुख्याध्यापकांनी पहिले दोन दिवस आम्हाला बसू दिलं नाही की काही करू दिलं नाही, नुसतं या घरी त्या घरी जेवायला नेलं. मक्याच्या पिठाचं उगाली, घेवड्याची उसळ. मुलांनी पहिल्याच दिवशी विचारलं, तुमच्याकडे काय आहे? मी लोणारच्या पाण्याची चव सांगितली. तिसरा दिवस शनिवार होता. शाळेच्या शेतात कामाचा दिवस. सकाळी एक मुलगी दारात आली, 'शिकामू, म्वालिमू' म्हणाली आणि लांब दांड्याची कुदळ भिंतीला टेकवून उभी राहिली. हे म्हणाले, "बघ, आली!"

त्या रात्री मी लोणारकडच्या त्या मुलीला पत्र लिहिलं. वारा, घड्याळ, मागाडी, आगगाडीतली नात, अंश आणि छेद, सगळं. शेवटी लिहिलं, की मला जे आयुष्यात स्वतः सोसून कळलं ते या मुलांना आत्ता हवंय, एवढंच माझं उत्तर आहे. सव्वा महिन्यानं तिचं उत्तर आलं. चारच ओळी. 'बाई, पत्र मिळालं. वर्गात वाचून दाखवलं. तुमचं म्हणणं समजलं. पण आमची जागा अजून रिकामीच आहे.'

ते पत्र मी दोन वर्षं तासाच्या वहीत ठेवलं होतं. तिला नियमित उदाहरणं लिहून पाठवायची आणि ती सोडवून परत पाठवायची. टपालाला इतका वेळ लागे, की चूक कळेपर्यंत पुढचा धडा आलेला असे. आम्ही २०१५च्या जुलैत परतलो. शाळेत नवे गणिताचे सर आले होते, त्याच जूनमध्ये. तिची दहावी मार्चमध्येच होऊन गेली होती.

ती भेटायला आली तेव्हा मला काय बोलावं सुचेना. तिनंच विचारलं, "बाई, कुदळ चालवता येते का आता?"

मी दोन्ही तळहात तिच्यापुढे धरले.